तिरप्या उजेडातला फोटो कुठे आहे?

काही वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन लिलावात साठीच्या दशकातलं एक स्टीलचं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं, घड्याळ घेतलं. लिलाव करणारी संस्था नावाजलेली होती. नाव घेत नाही, कारण तक्रार एकट्या तिच्याबद्दल नाही. कॅटलॉगमधला तो फोटो मी अजून जपून ठेवला आहे. फोटो म्हणून तो खरंच देखणा होता. करडी पार्श्वभूमी, घड्याळ किंचित कललेलं, काटे दहा वाजून दहा मिनिटांवर, काचेवर एकही प्रतिबिंब नाही, आणि पट्टा जिथे अडकतो त्या चार शिंगांच्या, म्हणजे लग्जच्या, कडा सुरीच्या पात्यासारख्या. खाली एक ओळ: ‘वयाच्या मानाने उत्तम स्थिती’.

पार्सल आलं. घड्याळ घेऊन खिडकीशी गेलो, जरासं फिरवून पाहिलं, तर कडा नव्हत्याच. साबणाची वडी आठ दिवस वापरल्यावर होते तशी चारही शिंगं गोलसर झाली होती. कधीतरी, बहुधा एकापेक्षा जास्त वेळा, कुणीतरी घड्याळाची केस, म्हणजे बाहेरची धातूची पेटी, पॉलिशच्या बफवर धरून चकाचक केली होती. एका लगमधलं पिनेचं भोक कडेच्या इतकं जवळ आलं होतं की मधे धातूची जेमतेम एक रेघ उरली होती. मग डोळ्याला भिंग लावून तबकडीच्या तळाचं ‘स्विस’ पाहिलं. अक्षरं ओल्या कागदावर शाई पसरावी तशी फुगलेली. तबकडी पुन्हा रंगवलेली होती.

मी लगेच तो फोटो उघडला, चोर पकडायच्या आवेशात. पण त्यात खोटं काहीच सापडेना. घड्याळ तेच, रंग तोच, काही खोडलेलं नाही, काही चिकटवलेलं नाही. मग त्या कडा आल्या कुठून? उत्पादनांचे फोटो काढणाऱ्या एका मित्राने ते पाहताक्षणी सांगितलं. चकचकीत धातूच्या बाजूला एक काळं कार्ड उभं करतात. त्याचं प्रतिबिंब धातूच्या काठावर बारीक काळी रेघ म्हणून उमटतं, आणि आपला डोळा त्या रेघेला कड समजतो. यात लबाडी म्हणावी असं काही नाही. चमचे, दागिने, बाटल्या, सगळ्यांचे फोटो असेच निघतात. फक्त चमचा विकत घेणारा त्याच्या कडेची किंमत मोजत नसतो. जुन्या घड्याळाचा ग्राहक मात्र नेमकी तीच मोजत असतो.

जुन्या घड्याळांच्या लिलावात फोटो ही आता वर्णनाला जोडलेली सजावट राहिलेली नाही. बोली लावणाऱ्याच्या लेखी तीच तपासणी आहे. मग तपासणीचे म्हणून जे फोटो लागतात, ते देणं लिलाव करणाऱ्याचं बंधन असलं पाहिजे. देखणे फोटो खुशाल काढा, पण त्यांच्यासोबत काही कुरूप फोटोही द्या, आणि ते मागायची वेळ आणू नका.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘लिलावाआधी प्रदर्शन असतं, या आणि हाताळून बघा.’ जिनिव्हा, न्यूयॉर्क, हाँगकाँग इथे मोठ्या संस्था घड्याळं मांडून ठेवतात हे खरं. पण बोली फोनवरून आणि पडद्यावरून लागतात, जगाच्या कुठल्याही टोकाहून. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर ते अंगवळणीच पडलं. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याची स्वतःची रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कला फिलिप्सच्या लिलावात १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरला गेली, तीही फोनवरच्या बोलीने. एवढ्या मोठ्या ग्राहकाचा माणूस आधी जाऊन पाहून येत असेल, किंवा सल्लागार भिंग घेऊन बसत असेल. त्याच्या शंभराव्या हिश्शाचं घड्याळ घेणाऱ्याजवळ असतात ते चार-सहा फोटो आणि ‘वयाच्या मानाने’ हे दोन शब्द.

त्या दोन शब्दांमागे कायद्याची भिंत उभी असते. लिलावाच्या अटी सहसा कुणी वाचत नाही. मी हात पोळल्यावर वाचल्या. बहुतेक ठिकाणी सार एकच. वस्तू आहे तशी विकली जाते. घड्याळाची आयुष्यात दुरुस्ती झालेली असणार आणि काही भाग मूळचे नसतील, हे गृहीत धरा. वर्णनात एखाद्या दोषाचा उल्लेख नाही याचा अर्थ तो दोष नाही असा घेऊ नका. आणि चित्रं वस्तू ओळखण्यापुरती आहेत. अस्सलपणाची हमी मोठ्या संस्था देतात, पण ती बहुधा शीर्षकात छापलेल्या मजकुरापुरती आणि साधारण पाच वर्षांची. म्हणजे फोटो बोली चढवायला पुरेसा भक्कम, आणि तक्रार करायला गेलं की तो फक्त ओळख पटवण्यापुरता. एकाच फोटोची ही दोन वजनं मला पटत नाहीत. हातोडा पडल्यावर त्या भावावर जवळपास पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, खरेदीदाराचं कमिशन म्हणून संस्था घेते. एवढे पैसे ज्याच्याकडून घ्यायचे त्याचं आपण काहीतरी देणं लागतो, हे मान्य करायला काय हरकत आहे?

फोटो नेमकं काय काय करू शकतो हे ज्याने घड्याळ हाताळलेलं नाही त्याला सांगून पटत नाही. म्हणून घरीच करून बघा. कुठलंही जुनं घड्याळ घ्या, टेबलावर ठेवा. एकदा दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर धरून वरून मऊ, पसरट उजेड पाडा. मग खोलीत अंधार करून टॉर्च तबकडीच्या पातळीला आणा आणि बाजूने तिरपा झोत टाका. पहिल्या उजेडात दिसतं एक शांत, तुकतुकीत घड्याळ. दुसऱ्यात काचेवरचे ओरखडे, तबकडीच्या लाखेला गेलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे, कुणाच्या तरी स्क्रू-ड्रायव्हरची घसरलेली रेघ, काटे काढताना पडलेली चिमट्याची खूण. मूळ छपाई किंचित उठावाची असते, अक्षरांची सावली पडते. पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर ती बहुधा चपटी किंवा गबाळी दिसते. घड्याळ तेच, टेबल तेच, फरक फक्त उजेडाच्या कोनाचा. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये हा दुसरा उजेड मला आजवर फार क्वचित दिसला आहे.

रंगाचं प्रकरण याहून नाजूक आहे. काळी तबकडी उन्हाने, उष्णतेने, रंगातल्या कमअस्सल घटकांमुळे वर्षानुवर्षांत तपकिरी पडते. तिला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि तिच्यासाठी लोक पटींनी पैसे मोजतात. हा तपकिरी किती तपकिरी? कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स थोडा उबदार केला की चहाचा चॉकलेट होतो. अंधारात चमकणाऱ्या ठिपक्यांचंही तसंच. साठीच्या दशकापासून नव्वदीपर्यंत पुष्कळ घड्याळांत ट्रिटियमचा लेप असे. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे आज तो अंधारात जवळजवळ निपचित. पण वयाने त्याला सायीसारखा पिवळसर रंग आलेला असतो, आणि काट्यांवरचा व तबकडीवरचा रंग एकमेकांशी जुळतो का हे जाणकार आधी बघतात. उबदार फोटोत सगळंच जुळतं. खरं काय ते अतिनील दिव्याखाली कळतं. दिवा बंद केल्यावर जुना लेप साधारणपणे झटकन विझतो आणि नंतर भरलेला नवा लेप रेंगाळतो. दहा सेकंदांचं काम, फोनवर चित्रित होईल असं. तरी तो दहा सेकंदांचा व्हिडिओ कॅटलॉगमध्ये नसतो. मागितलात तर येतो, कधीकधी लिलाव होऊन गेल्यावर.

मापाबद्दल एवढंच, की ३४ मिलिमीटरचं नाजूक घड्याळ आणि ४२ मिलिमीटरचं दांडगं घड्याळ कॅटलॉगच्या पानावर एकाच आकाराचं दिसतं. आकडा खाली छापलेला असतो, पण डोळा आकडे वाचत नाही.

आता ओमेगाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय या विषयावर लिहिणं म्हणजे आगीबद्दल बोलायचं आणि धुराचं नाव घ्यायचं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाला फिलिप्सच्या लिलावात पहिल्या पिढीतलं एक स्पीडमास्टर आलं, २९१५-१ या क्रमांकाचं, १९५७ च्या घडणीचं. अंदाजित किंमत ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँक. हातोडा पडून कमिशन धरल्यावर आकडा झाला ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँक. सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती: तबकडीचा तो सलग, मखमली तपकिरी रंग. २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की हे घड्याळ जुळवून केलेलं आहे. भाग बहुतांशी अस्सल, पण निरनिराळ्या ठिकाणचे आणून एकत्र बसवलेले. आपल्याच काही माजी कर्मचाऱ्यांचा यात हात होता असा आरोपही कंपनीने केला. आणि खरेदीदार कोण? ओमेगाचं स्वतःचं संग्रहालय.

फोटोमुळे ही फसवणूक झाली असं मी म्हणत नाही. तिथे मामला फोटोच्या पलीकडचा होता. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. अंदाजाच्या पंचवीस पटींहून जास्त उडी एखाद्या यंत्राच्या अचूकतेसाठी कुणी मारत नाही. ती मारली गेली एका रंगासाठी, आणि तो रंग बहुतेकांनी पाहिला होता फक्त फोटोत. पैसा जिथे दिसण्याला मिळतो, तिथे कारागिरी दिसणं तयार करण्याकडे वळणारच. जुळवाजुळव करणाऱ्याचं पहिलं गिऱ्हाईक कॅमेरा असतो.

गंमत अशी, की अशी प्रकरणं उघडकीला येतात तीही बऱ्याचदा फोटोंमुळेच. काही चिकाटीची माणसं तीस-तीस वर्षांचे कॅटलॉग चाळून तबकड्या जुळवत बसतात. आठच्या आकड्याशेजारचा एक ठिपका, ठिपक्याच्या लेपाचा एक टवका, लाखेतली एक चीर. या खुणा बोटांच्या ठशांसारख्या असतात. आज एका केसमध्ये बसलेली तबकडी वीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच केसमध्ये विकली गेली होती, हे अशा जुळवणीतून सिद्ध होतं. त्यामुळे ‘फार तपशीलवार फोटो दिले तर नकली माल करणाऱ्यांना शिकवणी मिळेल’ हा युक्तिवाद मला पोकळ वाटतो. अशा कामात मुरलेल्याच्या हाताशी खरी घड्याळं असतातच, त्याला तुमच्या फोटोवाचून अडत नाही. अडतं ते तपासणाऱ्याचं.

हे कॅटलॉगवेड आलं कुठून, तर त्याचा बराचसा मान जिनिव्हाच्या अँटिकोरमला, म्हणजे ओस्वाल्दो पात्रिझी यांनी १९७४ मध्ये सुरू केलेल्या लिलावसंस्थेला द्यावा लागेल. पाटेक फिलिप या स्विस घड्याळकंपनीला दीडशे वर्षं झाली त्या १९८९ साली त्यांनी फक्त पाटेकच्या घड्याळांचा लिलाव भरवला, आणि त्याचा कॅटलॉग लोकांनी ग्रंथासारखा कपाटात ठेवला. घड्याळ ही तोवर बरीचशी दागिन्यांच्या लिलावातली किरकोळ बाब होती. तिला चित्राच्या शेजारी बसवलं ते मांडणीने. हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. मांडणी नुसतं विकत नाही, बघायलाही शिकवते. नव्वदीच्या मध्यातल्या काही डेटोनांच्या काळ्या तबकडीवर छोट्या चक्रांभोवतीची चंदेरी कडी लाखेखालीच तपकिरी पडली. कारखान्याच्या दृष्टीने हा दोष. आज त्याच दोषाला ‘पात्रिझी डायल’ म्हणतात आणि त्याचे जास्तीचे पैसे पडतात. आधी कुणीतरी नीट दाखवलं, मग लोकांना ते दिसायला लागलं.

गोष्टीची मांडणी तर फोटोवरही मात करते. नट मार्लन ब्रँडोची रोलेक्स जीएमटी-मास्टर डिसेंबर २०१९ मध्ये १९ लाख ५२ हजार डॉलरला गेली. तिची फिरती बेझल, म्हणजे काचेभोवतीचं कडं, गायब होती, आणि मागे त्याने स्वतः ओबडधोबड अक्षरांत नाव कोरलेलं होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर तेच घड्याळ ‘बेझल नाही, मागे खरवडलेलं’ म्हणून भंगाराच्या डब्यात पडलं असतं. यात मला काही वावगं दिसत नाही. तिथे दोष लपवला नव्हता, पहिल्याच फोटोत होता, आणि ज्याने पैसे मोजले त्याने तो बघून मोजले.

उलटा प्रकारही घडतो, आणि त्याबद्दल कुणी हळहळत नाही. लहान लिलावगृहं, जिथे घड्याळं फर्निचर आणि काटेचमच्यांच्या मधे येतात, तिथले फोटो पाहिलेत का? ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बरोबर तबकडीच्या मधोमध, फोकस पट्ट्यावर, मागचं झाकण उघडलेलंच नाही. आम्ही शौकीन अशा फोटोंवर टपून असतो. धूसर फोटोतही काट्यांचा आकार ओळखायचा, दोन-तीन बोल्यांत घड्याळ मारायचं, आणि मित्रांना मिशीला पीळ देत सांगायचं. मीही सांगितलं आहे. पण त्या फोटोच्या पलीकडे कुणीतरी असतं: वडील गेल्यावर ड्रॉवर रिकामा करणारी मुलगी, ज्याला त्यातलं काही कळत नाही असा भाचा. माझ्या त्या ‘सौद्या’चे पैसे त्यांच्या खिशातून आले. वाईट फोटोने विकणारा नागवला जातो आणि अती चांगल्या फोटोने घेणारा. संस्थेचं कमिशन दोन्ही वेळा सुरक्षित राहतं. म्हणून हा प्रश्न खरेदीदाराच्या सावधपणावर सोडून भागत नाही.

नाण्यांच्या बाजारात हे दुखणं बरंच कमी झालं. अमेरिकेत १९८६ पासून तिसऱ्या पक्षाकडून नाणं तपासून, १ ते ७० च्या पट्टीवर दर्जा देऊन, प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करायची पद्धत रुळली. दर्जा पेटीवरच छापलेला, त्यामुळे फोटो काळाकुट्ट निघाला तरी फारसं बिघडत नाही. घड्याळाला तसं सीलबंद करता येत नाही. ते चालतं, उघडतं, त्याला तेल लागतं, आणि आज शंभर टक्के मूळचं असलेलं घड्याळ उद्या सर्व्हिसिंगला गेलं की नवे काटे लावून परत येतं. पाटेकसारख्या कंपनीच्या दप्तरातून मिळणारा उतारा घड्याळ कधी बनलं ते सांगतो, आज त्याची काय गत आहे ते नाही. आणि रोलेक्स तर असा उतारा सर्वसामान्यांना देतच नाही. उरतो फोटो.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक घड्याळाचे, स्वस्त असो वा महाग, ठरीव उजेडात, ठरीव कोनातून, रंगपट्टी शेजारी ठेवून काढलेले काही फोटो. समोरून एक. दोन्ही बाजूंनी, लग्जची जाडी दिसेल असे. एक तिरप्या झोतात. मागचं झाकण उघडून यंत्राचा, झाकणाच्या आतल्या बाजूचा, आणि काढलेला पट्टा बाजूला ठेवून लग्जच्या मधल्या जागेचा. अतिनील दिव्याचा तो दहा सेकंदांचा तुकडा. यांना रिटचिंग नाही, मूळ आकारात उपलब्ध, आणि लिलाव संपल्यावरही न काढलेले. शेवटची अट लोकांना किरकोळ वाटते, मला ती सगळ्यांत मोलाची वाटते, कारण पुढच्या वीस वर्षांतली जुळवणी त्यावर अवलंबून आहे. आणि अटींमध्ये एक वाक्य: हे फोटो वर्णनाचा भाग मानले जातील.

खर्च वाढेल, हे मान्य. झाकण उघडायला कारागीर लागतो, प्रत्येक घड्याळामागे अर्धा-पाऊण तास जातो. पण जुन्या मोटारींच्या ऑनलाइन लिलावांत एकेका गाडीचे शंभराहून जास्त फोटो, खालून गंजलेल्या सांगाड्यासकट, आणि थंड इंजिन सुरू होतानाचा व्हिडिओ विक्रेते स्वतःहून देतात; न दिल्यास बोली लावणारेच मागतात. मोटार उलटी करण्यापेक्षा घड्याळाचं झाकण काढणं सोपं असावं. किमती पडतील, असंही म्हणतात. काहींच्या पडतील, आणि पडाव्यातच. पण ज्याच्या केसला खरंच कधी बफ लागलेला नाही त्याला आज ‘अनपॉलिश्ड’ या शब्दाखेरीज दाखवायला काही नाही, आणि तो शब्द आता इतक्या घड्याळांच्या वर्णनात येतो की त्याचा कुणाला आधारच वाटत नाही.

माझं ते क्रोनोग्राफ मी गेल्या वर्षी विकलं. फोटो खिडकीशी बसून स्वतःच काढले. टॉर्च आडवी धरून घेतलेला, गोल झालेली शिंगं आणि फुगलेलं ‘स्विस’ दाखवणारा फोटो पहिला लावला, देखणा दुसरा. मी दिले होते त्यापेक्षा बरेच कमी आले. घेणाऱ्याने पैसे पाठवण्याआधी एकच फोटो आणखी मागितला: त्या एका लगचा, पिनेचं भोक दिसेल असा, खालून. मी पट्टा काढला, घड्याळ उताणं केलं आणि टॉर्च पुन्हा पेटवली.